वाघदेवाचा दगड आणि सातबारा

धर्म आणि भाकरी यांचा विचार दोन वेगळ्या खोल्यांत बसून करण्याची सवय आपल्या परिवर्तनवादी चळवळीला लागली आहे. एका खोलीत बसलेले मित्र अफूचा दाखला देतात आणि धर्माचे नाव निघताच उठून जातात. दुसऱ्या खोलीतले मित्र वंदना घेतात, व्याख्याने ठेवतात, जयंती साजरी करतात आणि मजुरीचा प्रश्न निघताच तो युनियनचा विषय आहे म्हणून बाजूला ठेवतात. दोघेही प्रामाणिक आहेत. पण या दोन खोल्यांच्या मधल्या भिंतीमुळे आपल्याच इतिहासाचा एक मोठा भाग आपल्याला दिसेनासा झाला आहे, असे माझे मत आहे.

तो भाग असा. ज्यांच्याकडे जमीन नाही, भांडवल नाही, अक्षर नाही, अशा माणसांकडे एकत्र येण्याची कोणती जागा शिल्लक असते? कारखान्यात असतील तर युनियन असते. पण विखुरलेल्या वस्तीत, पाड्यावर, गावाबाहेरच्या वाड्यात राहणाऱ्यांकडे बहुधा एकच जागा असते : त्यांच्या श्रद्धेची. विहार असेल, चर्च असेल, शेंदूर फासलेला दगड असेल. त्या जागेवर जमलेली माणसे फक्त हात जोडून परत जातात, की जमीन, पाणी आणि मजुरी यांचा हिशेब मांडतात, यावर सारे अवलंबून असते. श्रद्धा माणसे जमवते. न्याय ती आपोआप देत नाही. वर्गणी, वही, मागणी आणि आपल्यातलेच नेतृत्व या चार गोष्टी तिच्यातून उभ्या राहिल्या, तरच न्यायाची वाट सुरू होते. हे विधान मी ठाणे जिल्ह्याच्या जुन्या हद्दीतील आणि आपल्या चळवळीतील काही घटनांवरून तपासून पाहणार आहे.

तपासणीसाठी मी उभा आहे तो चेणे गावाच्या बाजूने. घोडबंदर रस्त्यावरून ठाण्याकडे जाताना उजव्या हाताला डोंगर आणि डाव्या हाताला खाडी लागते, त्या पट्ट्यातले हे गाव. मिरा-भाईंदर नगरपरिषद १९८५ साली झाली, महानगरपालिका २००२ साली. आज चेणे त्या महानगरपालिकेच्या हद्दीत आहे. डोंगराच्या पलीकडे बोरिवली राष्ट्रीय उद्यान, म्हणजे आताचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे. पावसाळ्यात शहरातली माणसे चेण्याच्या नदीवर मौजेला येतात. डोंगरकाठच्या आदिवासी पाड्यांकडे मात्र त्यांचे लक्ष जात नाही. इतिहासाच्या पुस्तकात घोडबंदरचा किल्ला येतो, पोर्तुगीज येतात, मराठे येतात. पाडा येत नाही.

त्याच डोंगररांगेत, दक्षिणेकडे, कान्हेरीची लेणी आहेत. तिथल्या शिलालेखांत सोपारा आणि कल्याणच्या दात्यांची नावे आहेत, व्यापाऱ्यांची आहेत, कारागिरांची आहेत. मागाठाण्याच्या, म्हणजे तेव्हाच्या मंगलस्थानाच्या, शेताच्या दानाचा उल्लेख आहे. भिक्षूंच्या चीवरासाठी ठेवलेल्या अक्षय ठेवीची नोंद आहे. मुद्दल हलवायचे नाही, व्याजावर खर्च चालवायचा. म्हणजे या डोंगरात श्रद्धा आणि अर्थव्यवहार सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच एकमेकांना भेटले होते. पण दान झालेले शेत कोण कसत होते, हे त्या दानलेखांतून कळत नाही. श्रद्धेच्या अर्थकारणात कसणाऱ्याचे नाव कधी येणार, हा प्रश्न तेव्हापासून उभा आहे.

आपल्या काळात त्याला पहिले उत्तर मिळाले ते नाशिकमध्ये, आणि तेही वेगळ्याच मार्गाने. २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाड हे त्याचे प्रमुख संघटक. पाच वर्षे हा लढा चालला आणि मंदिराचे दार उघडले नाही. वरवर पाहणाऱ्याला हा पराभव वाटतो. पण ३ मार्च १९३४ रोजी बाबासाहेबांनी दादासाहेबांना लिहिलेल्या पत्रात या लढ्याचा हेतू स्वच्छ सांगितला आहे. अस्पृश्यांनी मूर्तिपूजक व्हावे म्हणून किंवा मंदिरात गेल्याने ते समान होतील म्हणून त्यांनी हा लढा सुरू केला नव्हता. दलित वर्गात चेतना निर्माण करण्याचा आणि त्याला स्वतःच्या स्थितीची जाणीव करून देण्याचा तो उत्तम मार्ग वाटला, म्हणून सुरू केला होता. ते काम झाले, आता शक्ती राजकारणाकडे आणि शिक्षणाकडे वळवावी, असा त्या पत्राचा आशय आहे. म्हणजे मंदिराच्या दारापुढे माणसे उभी होती ती देवासाठी नव्हे, संघटनेसाठी.

पुढच्या वर्षी, १३ ऑक्टोबर १९३५ ला, येवल्याची घोषणा झाली. १९३६ च्या मे अखेरीस मुंबईच्या महार परिषदेत बाबासाहेबांनी धर्मांतराचा प्रश्न मांडला तेव्हा त्यांनी मनुष्यबळ, द्रव्यबळ आणि मानसिक बळ अशी तीन बळे मोजून दाखवली आणि यातले एकही आपल्याजवळ नाही, हे श्रोत्यांपुढे ठेवले. धर्मांतराचे हे समर्थन आत्मिक तर आहेच, पण ते संघटनेच्या गणिताचेही आहे. दुसऱ्याच्या मंदिराच्या दारात उभे राहण्याऐवजी आपले घर बांधायचे, आणि त्या घरात आपले बळ साठवायचे. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला ते घर मिळाले.

घर मिळाल्यावर त्यात काय साठवले गेले? मी पहिल्या पिढीचा पदवीधर आहे. माझे वडील रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका गावातून येऊन भाईंदरच्या स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॉलिशचे काम करीत. त्यांची शाळा चौथीपर्यंतची. पण मुंबईत राहणाऱ्या आमच्या गावच्या बौद्ध मंडळाचे ते काही वर्षे खजिनदार होते. महिन्याची वर्गणी, मयताच्या वेळची मदत, जेवणाच्या भांड्यांचे भाडे, विहाराच्या पत्र्यांचा खर्च : सारे एका लांबट वहीत. गावातल्या स्मशानाच्या वाटेचा वाद कचेरीत गेला तेव्हा वकिलाचे पैसेही त्याच वहीतून गेले. वर्षातून एकदा बुद्धवंदना झाल्यावर ती वही सर्वांपुढे वाचली जाई आणि कोणीही उठून प्रश्न विचारू शके. मला लोकशाहीचा पहिला धडा राज्यशास्त्राच्या पुस्तकाने दिला नाही. कोकणातल्या आमच्या माणसांनी अशी मंडळे मुंबईच्या चाळींतून गावोगाव चालवली. समाजशास्त्रज्ञांनी त्यांना फारसे मोजले नाही, कारण ती त्यांना एक तर धार्मिक वाटली, नाही तर जातीची.

या लहान वह्यांचे मोठे रूप १९६४ साली दिसले. काळारामचे तेच दादासाहेब गायकवाड आता रिपब्लिकन पक्षाचे नेते होते. त्याआधी मराठवाड्यात आणि १९५९ साली खानदेशासह राज्याच्या काही भागांत भूमिहीनांचे सत्याग्रह होऊन गेले होते. १ ऑक्टोबर १९६४ ला पक्षाने दिल्लीत मोर्चा नेऊन पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांना मागण्यांची सनद दिली. त्या सनदेत काय काय होते ते पाहा. बाबासाहेबांचे चित्र संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात लावावे. कसेल त्याला जमीन द्यावी, पडीक जमीन भूमिहीनांना द्यावी. किमान वेतनाचा कायदा पाळावा. धान्याचे वाटप नीट करून भाव आवरावेत. बौद्ध झालेल्यांना अनुसूचित जातींच्या सवलती द्याव्यात. चित्र, जमीन, मजुरी, धान्य आणि धर्म एकाच कागदावर! सनद लिहिणाऱ्यांच्या मनात दोन खोल्या नव्हत्या. आणि सत्याग्रहाचा आरंभदिवस कोणता होता? ६ डिसेंबर. महापरिनिर्वाणाच्या दिवशी माणसे एरवीही घराबाहेर पडणारच होती. त्या दिवशी ती अटक करून घेण्यासाठी बाहेर पडली. फेब्रुवारी १९६५ पर्यंत लढा चालला आणि पक्षाच्या गणनेप्रमाणे तीन लाखांहून अधिक माणसे तुरुंगात गेली. त्यांतल्या बहुसंख्यांनी पक्षाची घटना वाचली नसेल. त्यांना एकत्र आणले ते त्यांच्या वाड्यांतल्या त्या जागेने आणि त्या तारखेने.

आता उत्तरेकडे, डहाणू-तलासरीकडे वळू. तिथली पहिली जाग लाल बावट्याची. १९४५ ते १९४७ या काळात गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी वेठ आणि लग्नगडीची गुलामी झुगारली. लग्नाच्या कर्जापायी नवरा-बायको दोघेही सावकाराच्या घरी राबत, ती लग्नगडी. ऑक्टोबर १९४५ मध्ये तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर गोळीबार झाला आणि जेठ्या गांगड हा आदिवासी मारला गेला. हा लढा धर्माच्या नावाने झाला नाही. ज्यांना वाटते की श्रद्धेशिवाय गरीब माणूस हलत नाही, त्यांनी तलवाडा लक्षात ठेवावे.

पण त्याच मुलखात तीस वर्षांनी दुसरी गोष्ट घडली. येशूसंघ या ख्रिस्ती धर्मसंघाच्या १९७४-७५ च्या महासभेने श्रद्धेची सेवा आणि न्यायाची स्थापना ही दोन कामे वेगळी नाहीत, असा निर्णय घेतला. त्यामागे लॅटिन अमेरिकेतल्या धर्मगुरूंनी १९६८ च्या मेडेलिन परिषदेपासून मांडलेला मुक्तीचा विचार होता. या वाऱ्यात वाढलेले काही तरुण येशूसंघीय ठाणे जिल्ह्यातल्या आदिवासींत आले. प्रदीप प्रभू आणि निकोलस कार्डोझो ही त्यांतली नावे. १९७८ साली डहाणू भागात कष्टकरी संघटना उभी राहिली. मजुरी, रोजगार हमीची कामे, जमीन आणि जंगल हे तिचे प्रश्न. तिच्यात सामील होण्यासाठी कोणालाही ख्रिस्ती व्हावे लागले नाही. उलट झाले असे, की न्यायाचे काम वाढत गेले तसे संस्थापकांनाच धर्मसंघाबाहेर यावे लागले. श्रद्धेने त्यांना पाड्यापर्यंत पोहोचवले; पाड्यावर राहण्यासाठी झगा उतरवावा लागला.

या गोष्टीत एक कडू भागही आहे आणि तो झाकून चालणार नाही. लाल बावटा आणि ही नवी संघटना यांच्यात तीव्र संघर्ष झाला. ज्याला आधी सावकाराने मारले होते तो वारली आता दुसऱ्या झेंड्याखालच्या वारल्याशी भांडला. गरिबांच्या जागेवर दोन संघटना हक्क सांगू लागल्या की झेंडा मोठा होतो आणि पाडा लहान.

तरीही त्या संघटनेची एक कमाई सर्वांची आहे. जंगलजमीन कसणाऱ्या आदिवासींच्या दाव्यांसाठी प्रदीप प्रभू सर्वोच्च न्यायालयात गेले. १९९५ साली न्यायालयाने दिलेल्या आदेशाचे मर्म असे, की दावेदाराकडे कागद नाही एवढ्यावर त्याला घालवून देऊ नये. त्याने दिलेला इतर पुरावाही तपासावा. ज्यांना शतकभर कागदाने मारले, त्यांच्यासाठी हे साधे वाक्य नाही. पुढे देशभरच्या लढ्यांतून २००६ चा वनहक्क कायदा झाला, त्यात हाच विचार उतरला.

चेण्यासमोरची खाडी ओलांडली की वसई लागते. तिथेही श्रद्धेच्या जागेतून चळवळ उभी राहिली. ‘सुवार्ता’चे संपादक फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने १९८० च्या दशकाच्या अखेरीस हरित वसईची चळवळ सुरू झाली. जमिनी गिळणारी बांधकामे, टँकरने उपसले जाणारे विहिरींचे पाणी, दहशत यांच्याविरुद्ध माणसे रस्त्यावर आली, आणि त्यांत केवळ ख्रिस्ती नव्हते. गुंडशाहीच्या छायेत एक धर्मगुरू उभा राहतो तेव्हा त्याच्यामागे रविवारच्या प्रार्थनेला जमणारे गाव आपोआप उभे असते, ही या चळवळीची ताकद. तिची मर्यादा समजून घेण्यासाठी तिच्या प्रश्नाकडे पाहावे. पाणी आणि हिरवळ वाचवणे हा बागायत असलेल्या माणसाचा जीवनमरणाचा प्रश्न आहे. पण त्या बागेत मजुरीला जाणाऱ्या माणसाचा प्रश्न त्याच्या पोटात आपोआप येत नाही. तो त्यालाच वेगळा मांडावा लागतो.

जगातही याची उदाहरणे आहेत. अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरचे नाव घेऊन १९७२ साली आपली दलित पँथर जन्मली. त्या देशातली दुसरी गोष्ट मात्र आपण कमी वाचली. माँटगोमेरीच्या काळ्या माणसांनी ३८१ दिवस बसवर बहिष्कार टाकला तो चर्चमधल्या सभांच्या, वर्गणीच्या आणि गाड्यांच्या वेळापत्रकाच्या जोरावर. १९७४ साली टेक्सासमधल्या सॅन अँटोनियो शहरात मेक्सिकन वंशाच्या गरीब वस्त्यांनी आपल्या कॅथलिक चर्चमंडळांतून संघटना बांधली. मागणी कोणती? पावसाळी गटार! ते कित्येक वर्षे योजनेच्या कागदावर होते आणि दर पावसात वस्ती बुडत होती. या माणसांनी मोठ्या बँकेत रांगा लावून नोटांची नाणी आणि नाण्यांच्या नोटा करून मागितल्या. श्रीमंत दुकानात जाऊन महागडे कोट अंगात घालून पाहिले आणि परत ठेवले. कायदा मोडला नाही, पण शहराचा व्यवहार अडला आणि नगरपालिका बोलणीला आली. तिथले पुढारी पाद्री नव्हते. वस्तीतल्या आया आणि कामगार होते. मला यातले सर्वात मोलाचे हेच वाटते.

या वाटेवरचे धोके मोजायला हवेत. श्रद्धेच्या जागेला दार असते आणि दाराला राखणदार. चर्चमध्ये जात शिरली. दलित ख्रिस्ती माणूस तिथेही मागच्या बाकावर बसला. आमच्या विहारात शेजारच्या मातंग वस्तीतले किती जण येतात, हे आपण स्वतःला विचारावे. राज्यसंस्थेनेही श्रद्धेवर दंड बसवला आहे. १९५० च्या राष्ट्रपती आदेशाने धर्म बदलणाऱ्या अस्पृश्याची अनुसूचित जात काढून घेतली. बौद्धांना केंद्राच्या सवलतींसाठी १९९० पर्यंत थांबावे लागले. ख्रिस्ती आणि मुसलमान दलितांना ते दार अजून उघडलेले नाही. ज्या देशात धर्म बदलला की शिष्यवृत्ती जाते, त्या देशात धर्म आणि भाकरी वेगळ्या आहेत असे कोण म्हणेल?

आता चेण्याकडे येऊ. या डोंगरातल्या वारल्यांचा वाघदेव सर्वांना ठाऊक आहे. दगडावर किंवा लाकडावर वाघ, सूर्य, चंद्र कोरलेले, वर शेंदूर. दिवाळीच्या तोंडावर वाघबारस येते. वर्गणी निघते, जेवण होते, पाडा जमतो. माझ्या वर्गातल्या पाड्यावरच्या एका मुलाबरोबर मी त्याच्या आजोबांकडे गेलो होतो. जमिनीचा काही कागद आहे का, असे मी विचारले. ते म्हणाले, “कागद साहेबाच्या कपाटात ऱ्हातो. आमचा वाघदेव तिथं हाये, माझ्या आज्याच्या आज्यानं मांडलेला. त्याला विचार.” मुलगा ओशाळून हसला. त्याला आजोबांचे बोलणे अडाणी वाटले.

ते अडाणी नव्हते. ते कायद्याचे बोलणे होते. वनहक्क कायद्याखालील नियमांत, २००८ साली लागू झालेल्या नियमावलीच्या तेराव्या नियमात, पुराव्यांची यादी आहे. सरकारी कागदांबरोबर त्या यादीत विहिरी आहेत, दफनभूमी आहे, आणि पवित्र स्थळेही आहेत. दावेदार सोडून इतर वृद्धांनी सांगितलेली आणि लिहून घेतलेली हकीकत हाही पुरावा आहे. दाव्याला एकाहून अधिक पुरावे लागतात. पाड्याजवळ ते आहेत. ज्या देवाला आपण अंधश्रद्धेच्या रकान्यात टाकले, तो वहिवाटीचा साक्षीदार म्हणून उभा राहू शकतो. हक्काचा दाखला नवरा-बायको दोघांच्या नावे निघतो, हेही त्याच कायद्यात आहे. सातबाऱ्यावर कधी न आलेले बाईचे नाव इथे येऊ शकते.

मग अडते कुठे? हा कायदा राष्ट्रीय उद्यानालाही लागू आहे. पण उद्यानाच्या परिसरात १९९७ च्या उच्च न्यायालयीन आदेशापासून माणूस दिसला की अतिक्रमण दिसते. झोपडपट्टीतला दलित आणि पिढ्यान्‌पिढ्यांचा वारली दोघेही एकाच शब्दाने मोजले गेले. दुसरी अडचण अशी, की दाव्याची पहिली पायरी ग्रामसभा आहे. तिने दहा ते पंधरा जणांची वनहक्क समिती निवडायची. महानगरपालिकेच्या हद्दीत ग्रामपंचायतच नाही, तर सभा कोणती? पाडा शहरात गेला, पण शहराने त्याला सभा दिली नाही. कायद्याची व्याख्या, पंचायती नसलेल्या राज्यांच्या संदर्भात का होईना, पाडा, टोळा आणि पारंपरिक ग्रामसंस्था यांचे नाव घेते. त्या शब्दाला धरून भांडावे लागेल. भांडायचे तर आधी पाड्याने स्वतःची सभा भरवायला हवी, ठराव लिहायला हवा, सह्या-अंगठे घ्यायला हवेत.

ही सभा बाहेरून नेऊन बसवता येणार नाही. ती तिथे आधीच आहे, वर्षातून एकदा, वाघदेवापुढे. तिच्यात वही नाही, एवढेच. आणि वही कशी चालवायची हे आपल्या बौद्ध मंडळांना पन्नास-साठ वर्षे माहीत आहे. म्हणून माझे म्हणणे विहारांच्या कार्यकर्त्यांना आणि माझ्या शिक्षक मित्रांना आहे. आदिवासींना आपल्या धर्मात आणण्याची गरज नाही; त्यांचा वाघदेव काढून तिथे आपली मूर्ती बसवण्याची तर मुळीच नाही. आपले विद्यार्थी वृद्धांच्या हकीकती लिहून घेऊ शकतात. विहाराची खोली दाव्यांच्या कागदांसाठी उघडता येईल. दावा फेटाळला तर साठ दिवसांत दाद मागावी लागते, ही तारीख कोणीतरी भिंतीवर लिहून ठेवू शकते. सभेत बोलतील ते मात्र पाड्यावरचे, आणि त्यांत बाया असतील.

आज आपल्या वर्गण्या मोठ्या झाल्या आहेत. विहारांना संगमरवर आला, जयंतीला ध्वनिक्षेपकांच्या भिंती आल्या. वही मात्र बारीक झाली. तिच्यात मंडप, रोषणाई, हार एवढ्याच नोंदी राहिल्या. १९६४ च्या सनदेतली चित्राची मागणी १९९० मध्ये पूर्ण झाली. बाबासाहेबांचे चित्र संसदेत लागले, आणि त्याच वर्षी बौद्धांच्या सवलतीही मिळाल्या. त्याच कागदावरची जमिनीची मागणी अजून बाकी आहे. ती चेण्याच्या डोंगरकाठी बाकी आहे, आणि आपल्या गावच्या वाड्यांतही. पुढच्या ६ डिसेंबरला आणि पुढच्या वाघबारशीला माणसे जमतीलच. त्यांच्यापुढे जमिनीची वही कोण उघडणार, हे आपण आजच ठरवले पाहिजे.